पाळी प्रत्येकाची

1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. किंमत नऊ आणे, प्रती पाचशे. लेखिका बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचे नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. पुढच्या पानांत ज्यांची चर्चा आहे ते समाज दूरच्या ग्रहांवरचे आहेत. तिथे माणूस आज बाई असतो, उद्या पुरुष, आणि मधले बरेच दिवस दोन्हींपैकी काहीच नसतो. अशा विषयाची प्रस्तावना वऱ्हाडातल्या एका मराठा घराण्यातील बाईपासून सुरू करणे काहींना ओढूनताणून जुळवल्यासारखे वाटेल. मला मात्र या विषयाची मराठीतली सुरुवात दुसरीकडे कुठे सापडत नाही.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी बांधलेले होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवले. तिचे लग्न झाले तेव्हा नवरा घरजावई होऊन आला. लग्न झाल्यावर मुलीने उंबरठा ओलांडून परक्या घरी जायचे, हा नियम या एका घरात उलटा चालला. पुस्तकाला निमित्त झाले सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेचे. आपल्या अनौरस मुलाला मारल्याबद्दल तिला 1881 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, जी पुढे कमी झाली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव'सारखी पत्रे बायकांच्या नीतीवर तुटून पडली. बुलडाण्यात हे वाचून ताराबाई संतापल्या आणि त्यांनी उत्तर लिहिले.

त्यांनी बायकांच्या बाजूने गयावया केली नाही. पुरुषांनी बाईवर जो जो दोष ठेवला, तो उचलून त्यांनी पुरुषाच्या अंगावर ठेवून पाहिला आणि बसतो का ते विचारले. नवरा मेला की बाईने केस काढायचे, अंधारात बसायचे, तर मग बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेने गेलेला कोणी पुरुष ऐकिवात आहे का? आपल्या काळच्या कादंबऱ्या आणि नाटकांचाही त्यांनी समाचार घेतला. 'मुक्तामाला', 'मनोरमा' यांत बाई कशी रंगवली आहे आणि खऱ्या घरात ती कशी असते, हे त्या ताडून पाहतात. कल्पित साहित्यातला बाईपुरुषांचा हिशेब तपासणारे मराठीतले इतके जुने दुसरे लिखाण माझ्या वाचनात नाही.

जागा बदलून पाहण्याची ही रीत हीच विज्ञानकथेची रीत आहे. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळे आहे तसे ठेवायचे आणि काय मोडते ते बघायचे. ताराबाईंनी ते मनातल्या मनात केले, कारण शरीर बदलण्याची कल्पना त्यांच्या कामाची नव्हती. फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, पण एकूण स्वागत कडवट झाले. ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक लिहिले नाही. 1910 च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तक विसरले गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. त्याच वर्षी अमेरिकेत जोॲना रस यांची 'द फीमेल मॅन' ही विज्ञानकादंबरी आली. तिच्यात एकच बाई चार वेगवेगळ्या जगांत चार प्रकारांनी वाढलेली दिसते. दोघींना एकमेकींची खबर असण्याचे कारणच नव्हते, पण दोघींचा राग एकाच जातीचा आहे.

लिंग बदलणे आपल्या वाचकाला नवे नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. रामायणाच्या उत्तरकांडातला इल राजा एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री असतो. स्त्री असताना त्याला बुधापासून पुरूरवा होतो. महाभारताच्या अनुशासनपर्वातला भंगास्वन तर मला त्याहून मोलाचा वाटतो. राजा असताना त्याला शंभर मुलगे होते, आणि इंद्राच्या कोपाने स्त्री झाल्यावर आणखी शंभर झाले. सगळे मुलगे आपसात लढून मेल्यावर इंद्र प्रसन्न झाला आणि कोणते शंभर जिवंत करू, असे त्याने विचारले. तिने आई होऊन जन्म दिलेले मागितले. पुन्हा पुरुष व्हायचे का, या प्रश्नावर तिने स्त्रीच राहू दे म्हटले. इतका धीट प्रश्न आणि इतके धीट उत्तर आपल्या परंपरेत आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण या कथांत बदल एका माणसाला होतो, तोही शाप किंवा वर म्हणून. बाकीचे राज्य जिथल्या तिथे राहते. इल स्त्री झाल्याने त्याच्या नगरातल्या बायकांचे पाणी भरणे थांबत नाही. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1959 च्या 'ऑल यू झॉम्बीज' या गोष्टीत एकच व्यक्ती काळातून मागेपुढे जाऊन स्वतःची आई आणि बापही होते. कोडे अफाट आहे, पण समाज तिथेही जागचा हलत नाही. रुकय्या सखावत हुसैन यांची 1905 मधली 'सुलतानाज ड्रीम' समाज हलवते, पण उलटा करून. तिथे पुरुष पडद्याआड जातात आणि बायका राज्य चालवतात. भिंत तशीच राहते, फक्त आतबाहेरचे बदलतात. भिंतच नसेल तर काय होईल, हे विचारायला 1969 साल उजाडावे लागले.

त्या वर्षी अर्सुला के. ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' आली. ल ग्विन या मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या. परक्या समाजाकडे कसे बघायचे, हे त्यांना घरातूनच मिळाले असावे, कारण कादंबरीचा बराच भाग नोंदवहीसारखा आहे. गेथेन नावाचा, हिमयुगात अडकलेला ग्रह. तिथली माणसे महिन्यातले सुमारे तीन आठवडे ना स्त्री असतात ना पुरुष. मग काही दिवसांचा 'केमर' येतो. त्या दिवसांत शरीर एका बाजूला झुकते, कोणत्या बाजूला ते आपल्या हातात नसते. गर्भ राहिला तर ती व्यक्ती बाळंत होऊन दूध पाजेपर्यंत स्त्री राहते, आणि मग पुन्हा पूर्ववत. एकच माणूस तीन मुलांची आई आणि दुसऱ्या दोघांचा बाप असू शकतो. वंश मोजतात तो जन्म देणाऱ्याकडून.

या एका बदलातून ल ग्विन काय काय काढतात ते पाहण्यासारखे आहे. गरोदरपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून इतर जगांतल्या बायकांइतके पुरते जखडलेले तिथे कोणी नाही आणि इतर जगांतल्या पुरुषांइतके मोकळेही कोणी नाही. केमरच्या दिवसांत कोणालाही कामावरून सुट्टी मिळते, कारण ती सगळ्यांनाच लागते. जबरदस्तीचा संभोग त्यांच्या शरीरालाच शक्य नाही. त्या ग्रहाने कट, खून, सूड, सीमेवरच्या चकमकी पाहिल्या आहेत, पण मोठे युद्ध पाहिलेले नाही. याचे कारण लिंगात शोधायचे की थंडीत, हे ल ग्विन ठरवून टाकत नाहीत. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. विचारप्रयोग करणाऱ्याने दोन कारणे एकत्र आली असतील तर ती एकत्र आली आहेत हे मान्य करावे.

या ग्रहावर आपल्यासारख्या जगातून गेन्ली आय नावाचा दूत जातो. तो कायमचा पुरुष, म्हणून तिथल्यांना विकृत वाटतो. त्याचीही अडचण आहे. समोरचा माणूस शहाणपणाने बोलला की तो त्याला पुरुष समजतो, आणि आडपडदा ठेवून बोलला की त्याला त्यात बाई दिसू लागते व त्याचा विश्वास उडतो. या दूताला ताराबाईंपुढे उभे केले असते तर त्यांनी त्याची एकेक समजूत उचलून दाखवली असती. शेवटी हिमनदी ओलांडताना, एका तंबूत, एस्ट्रावेन नावाच्या पदच्युत मंत्र्याच्या सोबतीत त्याला समजते की हा माणूस बाईही आहे आणि पुरुषही. आपण त्याच्याकडे अर्धेच बघत आलो.

कादंबरीवर टीका झाली, आणि ती योग्यच होती. एस्ट्रावेन राजकारण करतो, ओझी ओढतो, उपाशी राहतो, पण लेकराला मांडीवर घेऊन बसलेला कुठेच दिसत नाही. ल ग्विननी सगळ्यांना सर्वनाम पुरुषाचेच दिले, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे पुरुषच फिरत राहतात. त्यांनी 1976 मध्ये यावर निबंध लिहून आधी आपली बाजू मांडली आणि दहाएक वर्षांनी त्याच निबंधाला टिपा जोडून टीकाकारांचे बरेचसे म्हणणे मान्य केले. त्याआधी, 1975 मध्ये, 'विंटर्स किंग' ही याच ग्रहावरची गोष्ट पुन्हा छापताना त्यांनी सर्वनामे स्त्रीलिंगी केली. राजा हा शब्द तसाच ठेवला.

मराठीत ही कादंबरी आणणाऱ्याची अडचण सर्वनामाने संपणार नाही. आपले क्रियापदच लिंग सांगते. 'मी गेलो' की 'मी गेले', हे ठरवल्याशिवाय गेथेनवरचा माणूस आपल्याविषयी एक वाक्य पूर्ण करू शकत नाही. पण याच गोष्टीत मराठी लेखकाच्या हाती असे काही आहे जे ल ग्विनना इंग्रजीत मिळणारच नव्हते. एकाच निवेदकाने एका प्रकरणात 'आलो' म्हणावे, दुसऱ्यात 'आले', आणि मधल्या दिवसांसाठी लेखकाने नपुंसकलिंग वापरून पाहावे. नाहीतरी 'मूल' या वयात आपण प्रत्येकाला 'ते' म्हणतोच. स्पष्टीकरण न देता शरीरातला बदल वाक्याच्या शेवटी ऐकू येईल. कोल्हापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या 'मी आलो', 'मी जातो' म्हणत आल्या आहेत आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. भाषेत तेवढी ऐसपैस जागा आहे.

ल ग्विननंतरच्या लेखकांनी बदल निसर्गाच्या हातून काढून माणसाच्या हाती दिला. तिथून हा विषय आपल्या अगदी जवळ येतो. जॉन व्हार्ली यांच्या 1979 च्या 'ऑप्शन्स' या कथेत चंद्रावरच्या वस्तीत लिंग बदलणे नुकतेच सोपे आणि स्वस्त झाले आहे. तीन मुलांची आई असलेली क्लिओ काही काळ पुरुष व्हायचे ठरवते. खरी अडचण तिच्या शरीराची नसून नवऱ्याची आहे. बायको पुरुष झाल्यावर आपण कोण, याचे उत्तर त्याला सापडत नाही. गोष्ट साधीच वाटते, पण संसार अशाच प्रश्नांवर मोडतात हे व्हार्लींना माहीत आहे.

आयन एम. बँक्स या स्कॉटिश लेखकाने 1987 पासून 'कल्चर' नावाच्या समाजावर कादंबऱ्या लिहिल्या. तिथे कोणीही इच्छेने, सुमारे वर्षभरात, स्त्रीचा पुरुष किंवा पुरुषाची स्त्री होऊ शकतो. परत यायलाही बंदी नाही. बहुतेकांनी आयुष्यात दोन्ही अनुभवलेले असतात. 1994 मध्ये बँक्सनी या समाजाविषयी एक टिपण लिहिले. त्यात जाता जाता एक विचार आहे, आणि या सगळ्या साहित्यात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिथे लिंग बदलणे इतके सोपे आहे, तिथे समाज एका लिंगाला जास्त चांगले वागवतो का हे लपून राहणार नाही. ज्याचे जगणे फायद्याचे, त्याची संख्या वाढत जाईल. लोकसंख्येतले प्रमाण बघितले की न्याय आहे की नाही ते कळेल. कायदे वाचायला नकोत, भाषणे ऐकायला नकोत.

हा प्रयोग करायला दूरच्या आकाशगंगेची गरज पडली नाही. तो आपल्याकडे होऊन गेला आहे. लिंग निवडण्याची सोय सोनोग्राफीच्या रूपाने तालुक्याच्या गावापर्यंत आली. निवड करणारे मात्र जन्माला येणारे माणूस नव्हते, त्याचे घरचे होते. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध 1988 मध्येच कायदा केला, देशात असा पहिला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. तरी 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. बुलडाणा जिल्ह्यात याच दहा वर्षांत आकडा 908 वरून 855 वर घसरला. राज्यातल्या सर्वांत खालच्या जिल्ह्यांत त्याचे नाव लागले. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला, जिथे दर 12 जानेवारीला लाखो लोक त्यांना वंदन करायला येतात, तो हा जिल्हा. जिथून ताराबाईंनी लिहिले तोही हाच.

जयंत नारळीकरांनी ही वाट फार आधी ओळखली होती. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. तिच्या पारितोषिकानंतर मराठी विज्ञानकथेला जो जोर आला तो सर्वांना ठाऊक आहे. त्यांची 'पुत्रवती भव' मात्र त्या मानाने कमी आठवली जाते. मुलगाच व्हावा अशी सोय विज्ञानाने करून दिली तर समाजाचे काय होईल, असा तिचा प्रश्न आहे. आशीर्वादालाच शीर्षक करून नारळीकरांनी तो सरळ घरात आणला. गेथेन किंवा कल्चर यांच्या शेजारी ही कथा ठेवून वाचली पाहिजे. शरीर बदलण्याचे सामर्थ्य आणि निवडण्याचे सामर्थ्य ही एकाच विज्ञानाची दोन टोके आहेत, आणि आपल्या वाट्याला दुसरे टोक आधी आले.

आता थोडा वेळ बुलडाणा जिल्ह्यातलेच एखादे गाव घेऊ. मेहकर-लोणारच्या बाजूचे, सोयाबीन आणि कपाशीचे. तिथल्या माणसांना गेथेनवाल्यांचे शरीर देऊ. लोणारचे विवर उल्केच्या आघाताने बेसाल्टात पडलेले, त्याच्या तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर. 2020 च्या जूनमध्ये त्याचे पाणी क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते. परग्रह शोधायला लांब जायला नको. पण मला विवरापेक्षा त्याच्या काठावरच्या शेतात जास्त रस आहे.

या गावात शेतीची कामे वाटलेली आहेत. वखरणी, डवरणी, फवारणी पुरुषांची. निंदण, खुरपणी, वेचणी बायकांची. मजुरीही त्याप्रमाणे, बाईची कमी. का कमी, असे विचारले तर काम हलके आहे म्हणतात. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्याची बोटे आणि कंबर पाहिली की हलके म्हणजे काय, ते कळते. ज्या गावात या महिन्यात फवारणी करणारा पुढच्या वर्षी पोटुशी राहून वेचणीला जाऊ शकतो, तिथे मजुरीचे दोन दर ठरवायचे कोणी? ठरवणाराच उद्या कमी दराच्या रांगेत उभा असेल. हुंडा कोणी कोणाला द्यायचा? मुलगी बघायला जाणारे पाहुणे कोणाला बघतील, पोह्यांची बशी कोणाच्या हातात असेल? वंशाचा दिवा कोणता आणि परक्याचे धन कोणते, हे बाळाकडे बघून सांगता येणार नाही. सोनोग्राफीच्या यंत्रावर फक्त बाळ दिसेल. कुंकू, बांगड्या, जोडवी उतरवायचा प्रसंगच येणार नाही, कारण ती कायमची घालणारे कोणी नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 च्या मे महिन्यात केला. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा 140 वर्षे झाली होती.

सरकारी कागद कसे चालतील तेही बघू. पंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत आणि सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान बसतात, हे चित्र गावोगावी दिसते. इथे ते जमणार नाही. सरपंचाचा नवरा कोण आणि बायको कोण, हे महिन्याला ठरेल. एसटीत महिलांना 2023 च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे, तिथे सगळ्यांनाच एक भाडे लागेल. राज्याने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे ठरवले. गेथेनवर तेवढेच नाव पुरेसे आहे. सातबाऱ्यावर मात्र काय होईल, यावर मी बराच विचार केला आणि एकच गोष्ट खात्रीने म्हणू शकतो. जमिनीचा लोभ आणि भाऊबंदकी सुटणार नाही. गेथेनवरही कट, खून आहेतच. लिंगाची भिंत गेली म्हणून माणसे देव होत नाहीत.

या कल्पनेला लागून असलेले एक वास्तवही सांगायला हवे. पश्चिम विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत आल्या, त्यांत बुलडाणा आहे. ज्या घरात कर्ता पुरुष असा जातो, तिथे दुसऱ्या आठवड्यात त्याची बायको बँकेत आणि तहसील कचेरीत उभी असते, बियाण्याची उधारी बोलते, पेरणी लावते, मुलीचे लग्न ठरवते. पुरुषाचे म्हणून ठरलेले प्रत्येक काम ती करते. शरीर बदलावे लागत नाही. बदलते ती फक्त गरज, आणि इतकी वर्षे ज्याला निसर्ग म्हटले ती वाटणी एका रात्रीत गळून पडते. तरी जमिनीवर नाव चढवताना तिला सासरच्या माणसांशी भांडावे लागते. विज्ञानकथेने हे बघितले पाहिजे. नवे जग रचताना जुन्या जगात आधीच काय शक्य झाले आहे, याची नोंद तिच्यात असायला हवी.

निसर्गाचा दाखला देणाऱ्यांनी पपईच्या बागेत जाऊन यावे. पपईत नर झाड वेगळे, मादी वेगळे, उभयलिंगी तिसरे. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाची फुले नराकडे झुकतात आणि फळ धरत नाही, हे पपई लावणाऱ्या शेतकऱ्याला नुकसानीच्या रूपाने माहीत असते. यातून माणसांविषयी काही सिद्ध होत नाही. पण लिंग म्हणजे दगडावरची रेघ, हे विधान निसर्गाच्या नावावर खपवता येत नाही, एवढे मात्र नक्की.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण या विषयावरच्या चर्चेत ती नेहमी निसटते. पुढे येणारे समाज कल्पित आहेत. आपल्या शहरांत, गावांत राहणारी तृतीयपंथी, पारलिंगी माणसे कल्पित नाहीत, आणि त्यांना या कादंबऱ्यांचा नमुना समजू नये. गेथेनवरचे माणूस महिन्याला बदलते. पारलिंगी माणसाचे बहुधा उलट असते. त्याला किंवा तिला आपण कोण हे लहानपणापासून पक्के ठाऊक असते, चुकत असतो तो बघणारा. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात आपले लिंग आपण सांगण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्याने मात्र ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हादंडाधिकाऱ्याच्या हाती ठेवले. बुलडाण्यातल्या पारलिंगी माणसाने त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. इंग्रजी अमलात त्या पदाला डेप्युटी कमिशनर म्हणत. बापूजी शिंदे ज्या कचेरीत कारकुनी करत होते, ती हीच. आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी टेबलापुढे उभे राहण्याची वेळ कल्चरमधल्या कोणावर येत नाही. बँक्सच्या कादंबऱ्यांत यंत्रे, अंतराळयाने, अजस्र वस्त्या यांची रेलचेल आहे, पण माझ्या लेखी त्या समाजाची खरी श्रीमंती ही आहे.

वारीतही थोडा वेळ बाईपुरुषाच्या भिंतीतून सूट असते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. वाटेवरच्या दिंड्यांत म्हातारे बाप्ये एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात आणि विठोबाला आई म्हणून हाक मारतात. संतांनी विरहिणी होऊन गायले. ते मनापासून होते, लटके नव्हते. पण आषाढी झाली की मंडळी घरी परततात आणि पाण्याचा हंडा पुन्हा त्याच डोक्यावर चढतो. भक्तीने दिलेली ही सूट घरात का टिकली नाही, हा प्रश्न मला परग्रहांवरच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा कठीण वाटतो.

वाचकाने सुरुवात कुठून करावी, तेवढे सांगतो. बहुतेक जण 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' आधी हाती घेतील, पण माझा सल्ला वेगळा आहे. ल ग्विन 1995 मध्ये, कादंबरीनंतर 26 वर्षांनी, त्याच ग्रहावर परत गेल्या आणि त्यांनी 'कमिंग ऑफ एज इन कारहाइड' ही कथा लिहिली. रेर नावाच्या जुन्या शहरात, माणसांनी आणि लेकरांनी गजबजलेल्या एका घरात सोव्ह वाढते आहे आणि पहिला केमर जवळ आला म्हणून धास्तावले आहे. अंग दुखते, चिडचिड होते, घरातली मोठी माणसे समजावतात, चिडवतात, सांभाळून घेतात. दूत नाही, राजा नाही, हिमनदी नाही. कोण कोणाची आई, कोणाच्या लेकराला कोण अंघोळ घालतो, कोणाला आज स्वयंपाकाचा कंटाळा आला आहे, हे सगळे आहे. कादंबरीत जे घर दिसले नव्हते ते इथे आतून दिसते, म्हणून आधी ही कथा वाचावी. मग कादंबरी, मग व्हार्ली आणि बँक्स. 'पुत्रवती भव' त्यांच्या मध्ये कुठेही, पण सोडू नये. आणि हे सगळे वाचताना 'स्त्री-पुरुष तुलना' हाताशी ठेवावी. ती लहान आहे, एका बैठकीत होते, आणि तिच्यातल्या प्रश्नांनी यांतल्या प्रत्येक ग्रहाची तपासणी करता येते.